वेषचित्रें व त्यांचा कालनिर्णय

भिवंडी तालुक्यांत तानसा नदीच्या कांठीं उष्णोदकाच्या कुंडांभोंवतीं वसलेलें गणेशपुरी हें स्थान नित्यानंदस्वामींच्या समाधीमुळें सर्वत्र परिचित आहे. स्वामींचें देहावसान ८ ऑगस्ट १९६१ रोजीं झालें. त्यांच्या ज्या तसबिरी घरोघर पूजिल्या जातात, त्यांत बहुधा एका कौपीनाखेरीज वस्त्र म्हणून दिसत नाहीं. ज्या पुरुषानें वस्त्रप्रावरणाची एवढी उपेक्षा केली, त्याच्या स्थानाचें नांव घेऊन वेषचित्रांच्या चर्चेस आरंभ करणें कोणास विपरीत वाटेल. परंतु त्यास कारणें आहेत. गणेशपुरीस जाणारा मुंबईकर यात्रेकरू ज्या भिवंडीवरून जातो, तें गांव मागांचें आहे. पूर्वीं हातमागाचें व पुढें यंत्रमागाचें. शेजारची वज्रेश्वरी चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या वसईच्या मोहिमेंतील नवसाशीं निगडित असून, तिच्या चैत्री यात्रेस उत्तर कोंकणांतील कोळी, आगरी, कुणबी, वारली, कातकरी व मुंबईची पांढरपेशी मंडळी एके ठिकाणीं मिळत आलीं आहेत. ज्याला महाराष्ट्रीय वेषाचा अभ्यास करावयाचा आहे, त्यास एवढें वैविध्य इतक्या थोड्या जागेंत अन्यत्र सहसा लाभणार नाहीं. शिवाय यात्रेच्या गांवांत तसबिरी फार, चौकटी करून देणारे कारागीर फार, व दमट हवाही फार. आणि वेषचित्रांचा नाश या तिहींच्या संयोगानेंच होत असतो.

वेषचित्र या शब्दानें आम्ही येथें असें चित्र समजतों कीं, ज्यांत व्यक्तीपेक्षां तिचा पेहराव दाखविणें हा चित्रकाराचा किंवा प्रकाशकाचा मुख्य हेतु आहे, अथवा हेतु अन्य असला तरी पेहराव इतका काळजीपूर्वक काढलेला आहे कीं त्याचा पुरावा म्हणून उपयोग व्हावा. यूरोपांत नव्या तऱ्हेच्या पोषाखांचीं चित्रें शिंपी व गिऱ्हाईक यांच्याकरितां छापण्याचा स्वतंत्र धंदाच होता. आपल्याकडे लुगडें, धोतर, उपरणें, पागोटें हीं वस्त्रें शिवावयाचीं नसून नेसावयाचीं व बांधावयाचीं असल्यामुळें तशा नमुनेवजा चित्रांची गरज फारशी पडली नाहीं. म्हणून आपलीं वेषचित्रें प्रवासवर्णनांत, जातिवर्णनांत, देवादिकांच्या तसबिरींत, मासिकांच्या मुखपृष्ठांवर व कापडाच्या ताग्यांवर विखुरलेलीं आहेत.

पोथी हातीं आली कीं आपण प्रथम शेवटचें पान पाहतों. पुष्पिकेंत लेखकाचें नांव, शक, संवत्सर व स्थल मिळतें काय हें तपासतों. ग्रंथाचा रचनाकाल निराळा व त्या प्रतीचा लेखनकाल निराळा, हें विसरत नाहीं. छापील चित्र हातीं आलें म्हणजे मात्र तेच चिकित्सक संग्राहक ‘जुनें आहे’ एवढ्यावर समाधान मानतात, हें मोठें आश्चर्य आहे. वस्तुतः चित्राच्या बाबतींत काल दोन नसून तीन आहेत. चित्रांतील वेष ज्या काळीं प्रचारांत होता तो वेषकाल. चित्रकारानें तें चित्र काढलें तो आलेखनकाल. आणि हातीं असलेली प्रत ज्या वेळीं छापली गेली तो मुद्रणकाल. हे तिन्ही क्वचित् एकत्र येतात. पुष्कळ वेळां त्यांत पन्नास-शंभर वर्षांचें अंतर असतें, व तें ओळखलें नाहीं तर चित्रावरून काढलेलें प्रत्येक अनुमान डळमळीत होतें.

पुण्याच्या चित्रशाळेचेंच उदाहरण घ्यावें. ही संस्था १८७८ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनीं स्थापिली. तिच्या आरंभींच्या शिळाछापांत नाना फडणिसांचें चित्र होतें. तेथें वेष उत्तर पेशवाईचा, मुद्रण मात्र नानांच्या मृत्यूनंतर पाऊणशें वर्षांहून अधिक काळानें झालेलें. असें चित्र नानांच्या पागोट्याचा पुरावा म्हणून पुढें करावयाचें असेल, तर त्याच्या मागें समकालीन चित्र कोणतें उभें आहे हें आधीं दाखविलें पाहिजे. सुदैवानें जेम्स वेल्स या चित्रकारानें १७९२ सालीं सवाई माधवराव व नाना यांस एकत्र चित्रित केलें आहे, त्यामुळें ताडून पाहण्यास साधन आहे. चित्रशाळेच्या चित्राची खरी साक्ष निराळी: पेशवाईचा वेष एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या पुणेंकरांस कसा दिसावासा वाटत होता, हें तें सांगतें. ही साक्षही कमी मोलाची नव्हे. मात्र तिला दुसऱ्या साक्षीच्या जागीं बसवूं नये.

इंग्रजी ग्रंथांत ग्रिंडले याचा पश्चिम हिंदुस्थानांतील देखावे, वेष व वास्तु यांवरील संग्रह (१८२६–३०) प्रसिद्ध आहे. त्यांतील ३६ चित्रें ताम्रपट्टावर कोरून छापलेलीं व रंगविलेलीं असल्यामुळें पुस्तकें फोडून तीं सुटीं विकण्याचा प्रघात फार जुना आहे. नांवांत वेष असला तरी त्यांत देखाव्यांचेंच प्राबल्य आहे, हें केवळ नांवावर भुलून मोठी किंमत देणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें. याहून वेषाभ्यासकास उपयोगी ग्रंथ म्हणजे फोर्ब्स वॉटसन याचा १८६६ चा, हिंदुस्थानांतील कापड व पेहराव यांवरील. त्याच्या जोडीस त्यानें प्रत्यक्ष कापडाचे ७०० नमुने १८ खंडांत चिकटवून असे २० संच तयार करविले. पैकीं १३ विलायतेंत व ७ या देशांत ठेवण्यांत आले. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यास येथील गिऱ्हाइकाची आवड कळावी हा त्यांतील उघड हेतु होता. हेतु व्यापारी असला तरी नमुना खराच असतो. किंबहुना व्यापाऱ्याला खोटा नमुना परवडत नाहीं.

मुंबईच्या विल्यम जॉन्सन यानें १८६३ व १८६६ सालीं दोन भागांत प्रसिद्ध केलेला मुंबईच्या रहिवाशांचा संग्रह छायाचित्रांचा आहे. तथापि तो येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. त्यांतील माणसें एके ठिकाणीं टिपून त्यांच्यामागें दुसऱ्याच ठिकाणचें दृश्य जोडलेलें आहे. वेष खरा, स्थळ खोटें. छायाचित्र म्हणजे निर्विवाद पुरावा असें मानणाऱ्यांनीं हा ग्रंथ एकदां सावकाश पाहावा.

आतां रविवर्म्याकडे वळूं. मुंबईंत १८९४ सालीं निघालेला त्याचा छापखाना १८९९ मध्यें कार्ल्याजवळ मळवलीस गेला, १९०३ त तो फ्रिट्झ श्लायकर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला, आणि १९०६ सालीं स्वतः चित्रकार निवर्तला. चित्रें मात्र पुढेंही छापलीं जात राहिलीं. म्हणजे चित्राच्या कोपऱ्यांत चित्रकाराचें नांव आहे एवढ्यावरून प्रत त्याच्या हयातींतील ठरत नाहीं. तळच्या समासांत छापखान्याचें जें स्थलनाम असतें तीच या चित्रांची पुष्पिका होय. मुंबईचें नांव असलेली प्रत सामान्यतः आधींची व मळवली किंवा कार्लें-लोणावळें असलेली नंतरची, एवढा स्थूल विभाग तरी त्यावरून निश्चित होतो. आणि चौकट करणारा कारागीर प्रथम कापतो तो हाच समास! कांच लहान, कागद मोठा. मग कात्री चालते, व एका क्षणांत शंभर वर्षांच्या चित्राचें जन्मटिपण केरांत जातें. आम्हांस विचाराल तर डाग पडलेली पण समास शाबूत असलेली प्रत ही स्वच्छ पण कापलेल्या प्रतीपेक्षां दुपटीनें मोलाची आहे. बाजारांत मात्र याच्या नेमका उलट भाव चालतो.

या चित्रांतील देवींच्या वेषाविषयीं एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. त्रावणकोराकडच्या या चित्रकाराच्या कित्येक नायिका महाराष्ट्रीय पद्धतीनें लुगडें नेसलेल्या आहेत. पुराणकाळच्या स्त्रिया तसें नेसत होत्या असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु चित्र काढलें गेलें त्या काळच्या नेसणीची, पदर घेण्याच्या रीतीची व दागिन्यांची नोंद म्हणून तीं विश्वसनीय आहेत. येथें वेषकाल कथेचा नसून आलेखनाचा आहे. पौराणिक म्हणून तीं बाजूस सारणारा अभ्यासक आपलें साधन आपणच टाकून देतो.

याहून मनोरंजक प्रकार सजविलेल्या तसबिरींचा आहे. छापील देवीच्या लुगड्यावर खऱ्या कापडाचा तुकडा चिकटवावयाचा, काठावर जर शिवावयाची, दागिन्यांवर टिकल्या व मणि बसवावयाचे, अशी रीत होती. घरांतील स्त्रिया हें काम हौसेनें करीत व दुकानांतून तयारही मिळे. कलारसिकांनीं यास पोरकटपणा ठरविलें, व कांहीं संग्राहकांनीं खालचें ‘मूळ’ चित्र मोकळें करण्याकरितां तें कापड सोलून काढलें. हा निव्वळ अविचार होय. अशा तसबिरींत वर सांगितलेल्या तीन कालांखेरीज चौथा काल येतो: सजावटीचा. देवीस कोणतें कापड शोभेल याविषयीं एखाद्या घरांतील गृहिणीचा निर्णय त्या तुकड्यांत प्रत्यक्ष टिकलेला असतो; तो काठ, तें विणकाम, तो रंग यांचें परीक्षण करतां येतें. ज्या काळांतील साध्या लुगड्यांचे तुकडे आतां कोठें शोधूनही सांपडत नाहींत, त्या काळचें कापड कांचेखालीं सुरक्षित राहिलेलें असावें यापरतें भाग्य कोणतें? कापडाखालीं झांकलेला छापील रंगही उजेडापासून वांचलेला असतो. कडेनें जरा उचलून आंत पाहावें, एवढीच मर्यादा.

परंतु महाराष्ट्रीय वेषचित्रांचा खरा आचार्य म्हणजे महादेव विश्वनाथ धुरंधर. यांचा जन्म कोल्हापुरास १८६७ सालीं झाला. १८९० त ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेंत शिरले व प्रथम विद्यार्थी, मग शिक्षक असे १९३१ पर्यंत तेथेंच राहिले; त्या सहवासाचा वृत्तांत त्यांनीं ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ या आत्मचरित्रांत दिला आहे. बाँबे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक त्यांस १८९५ सालीं मिळालें. १९४४ त ते वारले. औंधच्या श्रीभवानी संग्रहालयांत त्यांचीं ऐतिहासिक चित्रें आहेत व तीं सर्वांस ठाऊक आहेत. आमच्या मतें मात्र वेषाच्या अभ्यासकानें त्या भव्य चित्रांपेक्षां त्यांचीं लहान रेखाटनें, पुस्तकांतील चित्रें व टपालकार्डें यांकडे अधिक लक्ष द्यावें. राज्याभिषेकाच्या चित्रांतील दरबारी पोषाख हें अभ्यासपूर्वक केलेलें अनुमान आहे. बाजारांतील मोलकरणीचें लुगडें हें डोळ्यांनीं पाहिलेलें आहे.

धुरंधर स्वतः पाठारे प्रभु. मुंबईच्या या समाजांत वस्त्रालंकारांची हौस व नव्याचा स्वीकार दोन्ही होतीं. चोळीच्या जागीं लांब बाह्यांचें पोलकें, त्यास झालर, पायांत बूट. पण लुगडें नऊवारीच व नाकांत नथही तशीच, अशी जी मिश्र स्थिति कांहीं काळ होती, ती शब्दांत सांगूं गेल्यास पानें खर्ची पडतील. धुरंधरांच्या पेन्सिलीच्या चार रेघांत ती स्पष्ट उमटते. निऱ्या कोठें खोंचल्या, काष्टा किती वर ओढला, पदर कोणत्या खांद्यावरून आला, चालतांना कोणत्या पायाशीं कापड ताणलें गेलें, हें त्यांच्या दृष्टीस कधीं चुकलें नाहीं. यामुळेंच त्यांच्या चित्रावरून नेसण्याची कृति उलट करून पाहतां येते. ही कसोटी आम्ही वेषचित्रास नेहमीं लावतों: चित्रांतील वस्त्र सोडून पुन्हां नेसतां येईल काय? ज्या चित्रांत तें येत नाहीं, त्यांत कापडाचा रंग आहे, वेष नाहीं.

एडवर्ड्स याच्या मुंबईवरील ‘बायवेज ऑफ बाँबे’ या पुस्तकास व किंकेड याच्या दक्षिणी कहाण्यांच्या १९१४ च्या पुस्तकास धुरंधरांचीं चित्रें आहेत. परंतु सर्वांत महत्त्वाचा ग्रंथ ऑटो रॉथफेल्ड याचा ‘विमेन ऑफ इंडिया’, तारापोरवाला यांनीं १९२० च्या सुमारास मुंबईंत प्रसिद्ध केलेला. रॉथफेल्ड सनदी नोकर. त्याची दृष्टि स्त्रियांस जातीच्या व प्रांताच्या नमुन्यांत बसविण्याची. चित्राखालीं छापलेलें नांव ग्रंथाच्या वर्गीकरणाचें आहे, त्या स्त्रीनें स्वतःविषयीं सांगितलेलें नाहीं, हें विसरतां कामा नये. म्हणून चित्र ग्राह्य व मथळा तपासून ग्राह्य, असा भेद करावा लागतो. दुसरें असें कीं, मुंबईची कोळीण अशा चित्रांत वारंवार येते. कारण ती शहराच्या बाजारांत चित्रकारासमोर बसलेली असे. तानसेकांठची कातकरीण किंवा वारलीण त्या बाजारांत कशाला येणार? तिचा वेष या संग्रहांत विरळा, आणि हें मौन म्हणजे तिला वेषच नव्हता असें नव्हे. वारल्यांच्या स्वतःच्या भिंतीवरील चित्रांत माणूस दोन त्रिकोणांनीं सिद्ध होतो. तेथें वस्त्राचा प्रश्नच उद्भवत नाहीं. सारांश, उत्तर कोंकणच्या वेषाचा इतिहास केवळ मुंबईच्या चित्रांवरून लिहूं जाणारा तो बंदरापुरताच लिहील.

पुढील काळांत मासिकें हें वेषचित्रांचें मोठें आश्रयस्थान झालें. ‘किर्लोस्कर’, १९३० पासून ‘स्त्री’, व १९४५ पासून दीनानाथ दलाल यांची ‘दीपावली’ यांच्या मुखपृष्ठांवरून नऊवारी मागें पडून गोल पातळ पुढें येत गेलेलें वर्षावर्षानें पाहतां येतें. येथें कालनिर्णयाची अडचण नाहीं, कारण अंकावर महिना व साल छापलेलें असतें. अडचण आहे ती ग्रंथालयांची, जीं अंक बांधतांना मुखपृष्ठेंच काढून टाकीत. बांधीव खंड मिळाला म्हणून हुरळून जाऊं नये.

मुद्रणाची परीक्षा भिंगानें होते. ताम्रपट्टावरून काढलेल्या छापांत पुष्कळदां कागदावर पट्टाच्या दाबाची चौकट उमटलेली असते. शिळाछापांत रंगाचे कण अनियमित दिसतात, व प्रत्येक रंगास निराळी शिळा असल्यामुळें आकृतीच्या कडेस एखादा रंग किंचित् सरकून बाहेर आलेला आढळतो. जाळीच्या ठशानें छापलेल्या चित्रांत ठिपके ओळीनें बसलेले असतात. धुरंधरांचीं पुस्तकांतील रंगीत चित्रें या वर्गांतील होत. म्हणून रविवर्म्याचें ‘जुनें शिळाछाप’ म्हणून दाखविलेल्या प्रतींत असे ओळबद्ध ठिपके दिसले कीं ती मागाहूनची नक्कल समजावी. विक्रेत्याच्या वंशावळीची कथा ऐकत बसूं नये. ठशाचीं चित्रें ज्या गुळगुळीत कागदावर छापतात, तो भिजल्यास शेजारच्या पानास असा चिकटतो कीं सोडवितां सोडवितां चित्राचा पापुद्रा निघतो. गणेशपुरीसारख्या ठिकाणीं, जेथें पावसाळा मोठा व नदी जवळ, तेथें हा धोका विशेष. तसबीर बाहेरच्या भिंतीवर टांगूं नये. कांच चित्रास टेकूं देऊं नये, मध्यें जाड कागदाची चौकट घालून अंतर ठेवावें. मागें लांकडी फळी असेल तर ती काढावी, कारण तिच्यांतील आम्लानें कागद तांबूस होऊन मोडूं लागतो. कसर व वाळवी यांविषयीं या त्रैमासिकाच्या वाचकांस आम्हीं नव्यानें काय सांगावें! संग्रह परदेशीं पाठविण्याचा मोह ज्यांस होतो, त्यांस मात्र १९७२ च्या पुरावस्तुविषयक कायद्याची आठवण द्यावी लागते: शंभर वर्षें झालेली कलाकृति त्या व्याख्येंत येते, व खासगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेतां येत नाहीं.

शेवटीं ताग्यावरील तिकिटें. हा वर्ग आजवर आपल्याकडे सर्वांत उपेक्षित राहिला. विलायती व पुढें मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावर मालाची ओळख पटावी म्हणून रंगीत शिळाछापाचें एक चित्र डकवीत. व्यापारी त्यास तिकीट, टिका किंवा छाप म्हणत. ज्यास अक्षरओळख नव्हती तें गिऱ्हाईक चित्र पाहून माल मागे, त्यामुळें चित्र ठसठशीत व आकर्षक असणें भाग होतें. देवदेवता, राजे, हत्ती, आगगाड्या यांच्या जोडीस नटूनथटून बसलेल्या स्त्रिया त्यांवर फार. परदेशीं छापलेल्या तिकिटांत नेसण पुष्कळदां चुकलेली असते. पदर नको त्या खांद्यावर, निऱ्या भलतीकडे. वर सांगितलेली पुन्हां नेसण्याची कसोटी येथें फार उपयोगीं पडते, व चित्रकारानें येथील स्त्री पाहिली होती कीं दुसऱ्या चित्रावरून उतरली होती हें तीवरून बहुधा उमगतें. बंगळूरच्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी या संस्थेंत २०२५ सालीं या तिकिटांचें स्वतंत्र प्रदर्शन भरलें, तेव्हांपासून त्यांचे भाव चढूं लागल्यास नवल नाहीं. भिवंडीसारख्या कापडाच्या गांवांत जुन्या पेढ्यांच्या माळ्यांवर शोध करावयाचा तर तो आतांच करावा. रद्दी विकण्यास पेढीवाल्यास मुहूर्त लागत नाहीं.

तिकीट सुटें मिळालें तर त्याच्या पाठीकडील खळ, धागे व कागदाचा पोत यांची नोंद करावी. तें धुऊं नये. ताग्यासह मिळालें तर ताग्याचें टोंक तिकिटापासून कदापि तोडूं नये. १८८९ च्या कायद्यानें कापडावर त्याची लांबी वारांत छापणें आवश्यक झालें. तो आंकडा तिकिटावर नसतो, कापडावर असतो.